वाट वाकडी करून

"काकू, एक काम होतं. गुगलवर पाच स्टार देता का? आणि त्यात माझं नाव लिहा."

बिल देऊन झालं होतं. भाचा, त्याची बायको आणि दोन्ही मुलं झोक्याकडे गेली होती. मी एकटीच बाकावर कोमट पाणी पीत बसले होते, कारण घसा अजून जळत होता. डिसेंबरातला रविवार, नाशिकला गंगापूर रोडच्या पुढची ती मिसळीची मोकळी जागा, मागे द्राक्षबाग, पुढे ठाण्या-मुंबईच्या पाट्यांच्या गाड्या एकीला एक लागून उभ्या. तो पोरगा बिलाचं पाकीट घेऊन आला होता आणि पाकिटाच्या आत क्यूआर कोड चिकटवलेला होता. वय अठरा-एकोणीस असेल. खिशावर नावाची पट्टी. सुरगाण्याकडचा, हे त्यानंच मघाशी वाढताना सांगितलं होतं, मखमलाबादला चौघं मिळून खोली घेऊन राहतात म्हणाला. "नाव लिहिलं की महिनाअखेरीला मालक मोजतात," तो हळू आवाजात म्हणाला, "ज्याची नावं जास्त, त्याला बक्षीस."

मिसळ मला आवडली नव्हती. रस्सा लालभडक, वर तर्रीचा बोटभर थर, दिसायला देखणा. पण जिभेवर नुसती मिरची. भाजलेल्या खोबऱ्याचा वास नाही, परतलेल्या कांद्याचा गोडवा नाही, काळ्या मसाल्याची ती मागून हळूच येणारी कडवट ऊब नाही. मटकीचा दाणा दाताखाली कचकन लागत होता. बाकी सगळं चांगलं होतं. पाव ताजे, दही घट्ट, पापड कुरकुरीत, जिलबी गरम. आणि त्या पोरानं वाढलं होतं फार मनापासून. मुलांकडे एकदा बघून, कुणी न सांगता, त्यांच्यासाठी बिनतिखट रस्सा वेगळ्या वाटीत आणला होता. धाकटीचा चमचा खाली पडला तर तिनं मागायच्या आधी दुसरा हजर. अशा पोराला नाही कसं म्हणायचं? मी फोन काढला, पाच चांदण्या पिवळ्या केल्या आणि लिहिलं, "मिसळ उत्तम, सेवा उत्तम." खाली त्याचं नाव. त्यानं माझ्या फोनच्या पडद्याचा स्वतःच्या फोनवर फोटो काढला, मालकाला दाखवायला, आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

रात्री अंथरुणावर पडल्यावर ते दोन शब्द आठवले. मिसळ उत्तम. कुणीतरी डोंबिवलीला बसून ते वाचणार, पहाटे पोरांना उठवणार, कसारा घाट चढून तीन-साडेतीन तासांनी इथं येणार आणि कच्ची मटकी चावणार. माझ्या शब्दावर.

खरं तर आम्ही तिथं गेलो तेही असंच, कुणाच्या तरी शब्दावर. भाचा दोन दिवसांसाठी आला होता. मी म्हटलं, गावात चल, लहानपणी तुझी आई आणि मी जिथं खायचो तिथं नेते. त्यानं फोन बघितला आणि म्हणाला, "मावशी, ते फोर पॉइंट वन आहे. हे बघ, हे फोर पॉइंट सेव्हन, आणि रिव्ह्यू पण किती!" मला कळेना की यावर बोलायचं काय. ज्या जागेला मी चाळीस वर्षं ओळखते, तिथल्या बाकाचा कोणता पाय लंगडतो हे मला माहीत आहे, त्या जागेला असा काही आकडा आहे हे मला त्या सकाळी कळलं. ओळखीच्या माणसाच्या पाठीवर कुणीतरी किंमत चिकटवून गेलं असावं आणि आपल्या ते आत्ता नजरेस पडावं, तसं काहीतरी वाटलं. मी वाद घातला नाही. पाहुण्यांच्या मनासारखं करावं.

नाशिकमध्ये मिसळीवरून वाद नवीन नाही. पंचवटीत वाढलेला माणूस अंबिकाचं नाव घेईल, सातपूरचा श्यामसुंदरचं, मेन रोडचा भगवंतरावांचं, आणि तिघंही आपापल्या जागी ठाम असतील. आमच्या घरी रविवारी सकाळी किटलीत रस्सा यायचा, पाव वर्तमानपत्रात गुंडाळलेले, शेव वेगळ्या पुडीत. आई घरची मटकी शिजवून ठेवायची. किटलीचं झाकण उघडलं की स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत तो वास चालत यायचा, आणि मग शेजारचे काका नेमकं काहीतरी मागायला यायचे. "कुठला आणला?" हा त्यांचा पहिला प्रश्न. उत्तर ऐकून ते नाक मुरडायचे, आणि मग दोन वाट्या प्यायचे. त्या भांडणात प्रत्येकाला समोरच्याची जीभ माहीत असायची. काकांना तिखट लागतं, देशपांड्यांना गोडसर, अमक्याला तर्री शिवाय चालत नाही. म्हणून त्यांनी एखाद्या जागेला वाईट म्हटलं तरी त्यातून आपल्याला हवं ते कळायचं.

मला या सगळ्यात राहून राहून अण्णा आठवत होते. माझे वडील.

अण्णांचं नाशिकच्या द्वारका चौकात टायर-पंक्चरचं दुकान होतं. आता तिथं डोक्यावरून उड्डाणपूल जातो आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरची जड वाहनं नाशिककडे न बघताच पुढे निघून जातात. तेव्हा घाट चढून आलेला ट्रक द्वारकेच्या चौकात यायचाच, आणि पुण्याकडून आलेलाही तिथंच येऊन मिळायचा. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि मग दुकान बंद होईपर्यंत तिथंच बसायची. तापलेल्या रबराचा वास, सोल्यूशनचा गोड, डोक्यात चढणारा वास. काळ्या पाण्याच्या टाकीत ट्यूब फिरवताना अण्णांचे डोळे बारीक झालेले असत, आणि कुठूनतरी बुडबुड्यांची एक रेघ वर आली की ते तिथं अंगठा दाबून धरत. पंक्चर निघेस्तोवर ड्रायव्हर उकिडवा बसून विडी ओढायचा आणि ठरलेला प्रश्न विचारायचा. "शेठ, जेवायला कुठं?"

अण्णा कधी सरळ उत्तर देत नसत. आधी विचारायचे. कुठून आलात? किती तास झाले चाकावर? पुढं कुठवर जायचं? क्लीनर आहे का बरोबर? पोट कसंय? रात्रभर गाडी हाणून आलेला, पोट बिघडलेला माणूस असला तर त्याला भद्रकालीतल्या एका बाईंच्या खानावळीत पाठवायचे, वरण-भात आणि लिंबाची फोड. इंदूरकडे निघालेल्याला सांगायचे, "इथं पोटभर जेवू नका, झोप येईल. चहा-पाव खा आणि राहुड घाट उतरल्यावर जेवा." नवी गाडी, नवा ड्रायव्हर, खिशात पैसे खुळखुळताहेत असं दिसलं तर मटणाच्या जागेचा पत्ता. एकच प्रश्न, पण दिवसातून दहा वेळा दहा उत्तरं. मला लहानपणी वाटायचं अण्णांना नक्की ठाऊक नाही, म्हणून ते सारखं बदलतात.

एकदा एक ड्रायव्हर पंधरा दिवसांनी परत आला. त्याच्या टायरला काही झालेलं नव्हतं. मुद्दाम थांबला होता. "शेठ, तुमी सांगितलं म्हणून गेलो. वरण आंबलेलं होतं." एवढंच बोलला आणि गाडीत चढला. अण्णांनी त्या संध्याकाळी दुकान तासभर आधी बंद केलं. राखेनं हात धुतले, मग साबणानं, मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि भद्रकालीत गेले. ताट मागवलं, पूर्ण जेवले, ताटात शीत ठेवलं नाही. मग पैसे देताना, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, त्या बाईंना म्हणाले, "ताई, मागच्या पंधरवड्यात सकाळचं वरण संध्याकाळी वाढलं गेलं का कधी?" बाईंनी पदर तोंडाला लावला. भाचीचं बाळंतपण, हाताखालची मुलगी गावाला गेलेली, असं काहीबाही सांगत होत्या. अण्णा म्हणाले, "होतं. पण माझी माणसं लांबून येतात." त्यानंतर पंधरा दिवस त्यांनी तिथं कुणालाही पाठवलं नाही. मग एक दिवस एकटेच जाऊन जेवून आले, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पाठवायला लागले.

माझी माणसं, म्हणाले होते ते. ज्यांची नावंही त्यांना ठाऊक नव्हती.

पुढे कधीतरी वाचलं की जगातलं सगळ्यात मानाचं खाण्याचं गाइड टायरवाल्यांनीच काढलं आहे, तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. आंद्रे आणि एदुआर मिशेलिन हे दोघं भाऊ, फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँचे. 1900 साली त्यांनी एक छोटं पुस्तक छापलं, सुमारे 35,000 प्रती, आणि फुकट वाटल्या. त्या वेळी सगळ्या फ्रान्समध्ये मोटारी तीन हजारांच्याही आत. पुस्तकात नकाशे होते, टायर कसा बदलायचा ते होतं, पेट्रोल कुठं मिळेल, मुक्काम कुठं करता येईल ते होतं. हेतू उघड होता. लोक फिरले तर टायर झिजतील, झिजले तर विकले जातील. वीस वर्षं ते फुकटच होतं. मग, असं सांगतात, आंद्रे एका टायरच्या दुकानात गेले आणि त्यांना दिसलं की कामाचं टेबल डुगडुगू नये म्हणून त्याच्या पायाखाली ही पुस्तकं घातली आहेत. 1920 पासून त्यांनी पैसे घ्यायला सुरुवात केली, कारण फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही. ही गोष्ट खरी की रचलेली कोण जाणे, पण मला ती अगदी पटते. अण्णांच्या दुकानातलं टेबलही असंच कशाच्या तरी आधारावर उभं असायचं.

चांदण्या आल्या 1926 मध्ये, आधी एकच. 1931 मध्ये दोन आणि तीन. त्यांचे मूळचे अर्थ मला फार आवडतात. एक चांदणी म्हणजे आपल्या प्रकारात चांगली जागा. दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं अशी. तीन म्हणजे खास त्यासाठीच प्रवास करावा अशी. मी हे वाचलं तेव्हा थबकले. इथं चव दहापैकी किती, हे कुणी मोजलेलंच नाही. चाक किती वळवावं ते मोजलेलं आहे. रस्त्यावर असलेल्या माणसाला टायरवाला जे सांगेल, तेच. अण्णाही तेच सांगत होते, फक्त त्यांच्याजवळ पुस्तक नव्हतं. त्या गाइडची माणसं आजही नाव न सांगता जेवायला जातात, बिल आपलं आपण भरतात. अण्णांचं मात्र उलट होतं. सगळ्या खानावळवाल्यांना ते माहीत होते, आणि म्हणूनच त्यांना खोटं बोलायची सोय नव्हती.

मी इथं थांबले असते तर हा लेख जुन्या दिवसांची आरती झाला असता. पण एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे.

अण्णांच्या यादीत मी नव्हते. आई नव्हती.

त्यांना माहीत असलेल्या सगळ्या जागा पुरुषांच्या होत्या. भद्रकालीची ती एक संध्याकाळ सोडली, तर मी कधी विचारलं की तिथं मला न्या, तर म्हणायचे, "तिथं तुमचं काम नाही." आईनं आयुष्यात बाहेर खाल्लं ते लग्नाच्या पंगतीत आणि यात्रेत. हॉटेलात गेलो तर "फॅमिली रूम", म्हणजे मागची अंधारी खोली, कळकट पडदा, डोक्यावर खडखडणारा पंखा, भिंतीला ओल. पुढे नोकरीमुळे मला जिल्हाभर एकटीनं फिरावं लागायचं, कळवण, सटाणा, येवला, नांदगाव. दुपारी भूक लागली की मी एसटी स्टँडवर केळी घ्यायची. पाणी प्यायची नाही, कारण प्यायलं तर पुढचा प्रश्न होता. कुठल्या हॉटेलात बाई एकटी बसू शकते हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि अण्णांनाही ते सांगता आलं नसतं. कितीतरी वर्षांनी, फोन हातात आल्यावर, असंच एका तालुक्याच्या गावी मी एक हॉटेल शोधत होते. तीन चांदण्या, म्हणजे फार काही नाही. खाली एका अनोळखी बाईनं लिहिलं होतं, "जेवण ठीक. बाथरूम स्वच्छ आहे, आतून कडी लागते. मी एकटी बसले होते, कुणी त्रास दिला नाही." मी तिथं गेले. भाजी खरंच ठीकच होती. पण मी दोन ग्लास पाणी प्यायले, निवांत हात धुतले आणि खिडकीजवळच्या टेबलावर अर्धा तास बसून राहिले. त्या बाईला मी कधी भेटणार नाही. पण अण्णा ड्रायव्हरला विचारायचे ते सगळे प्रश्न तिनं स्वतःला विचारले होते, आणि मला उत्तर देऊन ठेवलं होतं.

त्यामुळे फोनवरच्या रिव्ह्यूंना सरसकट नावं ठेवणं मला जमत नाही. सिडकोत एक बाई घरातून पुरणपोळी आणि मांडे करून देतात. त्यांचं दुकान नाही, पाटी नाही, गल्लीत तिसऱ्या वळणावर घर. अनोळखी माणूस त्यांच्या दारापर्यंत पोचतो तो त्या नकाशामुळे आणि त्याखाली लोकांनी लिहिलेल्या चार ओळींमुळे. मोठ्या साखळीच्या हॉटेलाला याची गरज नसते, त्याची पाटीच पुरते. अमेरिकेत हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी 2011 मध्ये सिएटलच्या हॉटेलांचा अभ्यास केला होता. येल्प या रिव्ह्यूंच्या साइटवर एक चांदणी वाढली की धंदा 5 ते 9 टक्के वाढतो असं त्यांना दिसलं, आणि हा फरक पडतो तो स्वतंत्र, एकट्यानं चालवलेल्या हॉटेलांना. साखळीवाल्यांना नाही. म्हणजे ज्यांचं पोट त्यावर आहे, त्यांनाच ती चांदणी लागते. सिडकोतल्या बाईंना लागते, आणि त्या पोरालाही.

आणि म्हणूनच तिथं खोटंही शिरतं. 2017 मध्ये लंडनमधल्या एका तरुण पत्रकारानं स्वतः राहत असलेल्या बागेतल्या शेडला हॉटेल म्हणून ट्रिपॲडव्हायजरवर नोंदवलं. तिथं काहीच शिजत नव्हतं. मित्रांकडून रिव्ह्यू लिहून घेत गेला आणि काही महिन्यांत ती शेड लंडनच्या 18,000 हून जास्त हॉटेलांत पहिल्या नंबरवर पोचली. लोक जागा मिळावी म्हणून फोन करत होते. ही गोष्ट ऐकून सगळे हसतात. मला हसू आलं नाही, कारण त्या मित्रांमध्ये आणि माझ्यात त्या रविवारी फरक तो किती होता? आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोनं 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी मानक काढलं आहे, आयएस 19000, रिव्ह्यू कसे गोळा करावेत, कसे तपासावेत, कसे छापावेत यासाठी. चांगलंच आहे ते. पण मला कुणी पैसे दिले नव्हते. बक्षीस मिळणार होतं ते त्या पोराला, आणि मी खोटं लिहिलं ते दयेपोटी. दयेपोटी लिहिलेलं कोणतं मानक पकडणार?

त्या आकड्याचं ओझं कुणाच्या खांद्यावर येतं हेही बघायला हवं. फ्रान्समध्ये बर्नार लुआझो नावाचे मोठे आचारी होते, सोलियू गावात त्यांचं हॉटेल, मिशेलिनच्या तीन चांदण्या. 2003 मध्ये दुसऱ्या एका गाइडनं त्यांचे गुण 20 पैकी 19 वरून 17 वर आणले, मिशेलिनची तिसरी चांदणीही जाणार अशी कुजबुज सुरू झाली, आणि त्या फेब्रुवारीत त्यांनी स्वतःला संपवलं. डोक्यावर कर्ज होतं, मन आधीपासून खचलेलं होतं, कारण एकच असं म्हणता येणार नाही. त्या वर्षीच्या मिशेलिन गाइडमध्ये त्यांच्या तिन्ही चांदण्या जागच्या जागी होत्या. माझ्या डोळ्यांसमोरून हे जात नाही. तिथं निदान ज्याच्या हातची चव, त्याच्या नावावर गुण होते. इथं मटकी कुणी भिजवली, वाटण कुणी वाटलं, आणि नाव मोजलं जातंय वाढणाऱ्याचं.

बुधवारी सकाळी मी स्कूटर काढली आणि एकटी गेले.

साडेआठ वाजले होते. बागांवर अजून धुकं होतं, वेलींवर हिरवे बारीक घड, कुठंतरी पाचट पेटवल्याचा धूर खाली बसलेला. गाड्यांच्या जागेत चार दुचाक्या. झोके रिकामे, त्यांच्या फळ्या दवानं ओल्या. मी आत शिरले आणि दारातच मला तो वास आला, सुक्या खोबऱ्याचा, जरा जास्तच भाजलेल्या. ताट आलं. तोच रस्सा, तसाच रंग. पण आज मिरचीच्या मागून बाकी सगळं येत होतं, कांदा, धणे, दगडफूल, आणि शेवटी ती ऊब. मटकी जिभेनं दाबली तरी विरघळत होती. मी वाटी दोनदा भरून घेतली. मग उठून चुलीकडे गेले. कढईशी पन्नाशीचे एक मामा होते, खांद्यावर पंचा, भुवया धुरानं पांढरट. मी आधी आजची मिसळ कशी झाली ते सांगितलं. मग म्हटलं, "मामा, रविवारी मटकी कच्ची होती. रश्शाला पण काही नव्हतं."

मला वाटलं ते चिडतील. त्यांनी पळी कढईच्या काठावर ठेवली. "रविवारी चारशेच्या वर ताटं जातात. मटकीला भिजून मोड यायला दोन दिवस पाहिजेत. शनिवारीच पहिली संपली तर रात्री भिजवलेली सकाळी कढईत जाते. वाटणाचं पण तसंच. खोबरं भाजायला सवड नसते, मग तिखट वाढवतो." थोडं थांबून म्हणाले, "चार दिवसांपूर्वी मालक म्हणाले, पॉइंट एकनं खाली आलंय. म्हटलं, काय चुकलं? ते म्हणाले, मला काय माहीत, तूच बघ."

मला अण्णांचं ते रिकामं ताट आठवलं.

मी बाकावर येऊन बसले आणि फोन काढला. "मिसळ उत्तम, सेवा उत्तम" अजून तिथंच होतं, पाच पिवळ्या चांदण्यांखाली. तेवढ्यात तो पोरगा पाण्याचा जग घेऊन आला. मला ओळखलं, हसला. मी त्याला सरळ विचारलं, "मी याच्या चार केल्या, तर तुझं नाव धरतात का?" तो जरा वेळ जगाच्या दांडीकडे बघत राहिला. "चार नाही धरत, काकू. पाचच." मग म्हणाला, "पण तुम्ही मामांना मटकीचं बोललात ना? आम्हाला रविवारी तेच ऐकून घ्यावं लागतं दिवसभर. लोक आमच्यावर ओरडतात."

मी खूप वेळ बसले. एक महिन्याच्या बक्षिसातलं एक नाव, एवढंच मी कमी करणार होते, पण ते त्याचं होतं, माझं नव्हतं. दुसऱ्या पारड्यात डोंबिवलीहून पहाटे निघणारं ते कुटुंब होतं, ज्यांना मी ओळखत नाही. अण्णा असते तर काय केलं असतं याचा विचार केला, आणि उत्तर लगेच आलं, तरी बोट पुढे सरेना. शेवटी मी एक चांदणी काढली. जुनं पुसलं आणि नव्यानं लिहिलं. रविवारी येत असाल तर आठच्या आधी या, नाहीतर मधल्या वारी या, मटकी तेव्हा नीट भिजलेली असते. तिखट झेपत नसेल तर रस्सा वेगळा मागा, देतात. लहान मुलं असतील तर बिनतिखट वाटी मिळते. परतीला घाट उतरायचा असेल तर दुसरी वाटी घेऊ नका. बायकांचं स्वच्छतागृह मागच्या बाजूला आहे, स्वच्छ आहे, कडी लागते. आणि वाढणाऱ्याचं नाव, तो मुलांकडे कसं लक्ष देतो ते, दोन ओळी.

फोन त्याच्या हातात दिला. तो उभ्या उभ्या सगळं वाचत होता, ओठ हलत होते. वाचून झाल्यावर त्यानं खिशातून स्वतःचा फोन काढला आणि पडद्याचा फोटो घेतला.

"अरे, हे धरणार नाहीत ना?"

"असू दे काकू," तो म्हणाला, "नाव आहे ना त्यात." आणि जग उचलून पुढच्या टेबलाकडे गेला.